काटा आणि सेल

अंदमानातल्या स्वराज द्वीपवर आम्ही ज्या डायव्ह सेंटरमध्ये काम करतो, तिथे कॉम्प्रेसरला लागून एक अरुंद खोली आहे. हवा तोंडापर्यंत आणणारे रेग्युलेटर तिथे टांगलेले असतात आणि खिळ्याला सुतळीने बांधलेली एक लांबट वही असते. किराणा दुकानात उधारी लिहितात तसली, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात फक्त सेलांचा हिशेब आहे. सिलिंडरमधला दाब कळवणाऱ्या कुठल्या ट्रान्समिटरमध्ये कोणत्या तारखेला सेल बदलला, कोणी बदलला, ओ-रिंग नवी घातली का, आणि त्यानंतर तो किती तास पाण्याखाली गेला. ही वही एका डायव्हमुळे सुरू झाली.

मी मालवणचा. वडील मासेमारी करतात. तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत शिकलो आणि सुरुवातीची वर्षं सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना खालची दुनिया दाखवण्यात गेली. तिथे पाणी चार-सहा मीटर. पाहुण्याचा सिलिंडर आपल्या हातात, गेजही आपल्याच नजरेसमोर. काटा पन्नास बारवर आला की माणसाला वर घ्यायचं, एवढंच गणित. अंदमानात आलो तेव्हा गणित बदललं. इथे जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल अशा जागी पंचवीस-तीस मीटरवर जावं लागतं, आणि तिथे दोन प्रश्नांची उत्तरं सतत हवी असतात. हवा किती उरली? आणि इथे अजून किती वेळ थांबता येईल?

दुसरा प्रश्न नायट्रोजनचा. खोल पाण्यात श्वासावाटे नायट्रोजन जास्त प्रमाणात रक्तात आणि मांसपेशींत विरघळतो. झपकन वर आलं की सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेनने शेळ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये याचं पहिलं गणित मांडलं. पुढे झुरिकच्या ब्यूलमनने शरीराचे सोळा कप्पे कल्पून ते बारकाईने केलं. आम्ही शिकवतो त्या तक्त्यात दिवसाच्या पहिल्या डायव्हला 18 मीटरवर 56 मिनिटं मिळतात, 30 मीटरवर फक्त 20. मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर हेच गणित दर काही सेकंदांनी नव्याने करत असतो, तुम्ही खरोखर किती खोल आहात ते पाहून.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पूर्वी फक्त काटा द्यायचा. काटेवाल्या गेजमध्ये एक वाकवलेली, बारीक, पोकळ धातूची नळी असते. दाब वाढला की ती थोडी सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. पॅरिसच्या यूजेन बूर्दों या कारागिराने 1849 मध्ये ती शोधली, वाफेच्या इंजिनांसाठी. तीच आजही आमच्या छातीशी लोंबते. तिला सेल लागत नाही.

ट्रान्समिटर आला आणि ही दोन्ही उत्तरं एकाच पडद्यावर आली. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा असा हा तुकडा रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजवर, म्हणजे सिलिंडरला बसणाऱ्या भागावर, जास्त दाबाच्या भोकात फिरकीने बसवतात. तो सिलिंडरमधला दाब मोजतो आणि दर चार-पाच सेकंदांनी मनगटाकडे पाठवतो. खाऱ्या पाण्यात मोबाइलच्या किंवा ब्लूटूथच्या लहरी काही सेंटिमीटरांतच विरून जातात, म्हणून बहुतेक ट्रान्समिटर फार कमी कंप्रतेचा, अठ्ठावीस-चाळीस किलोहर्ट्झच्या घरातला संदेश वापरतात. तोही जेमतेम एक-दीड मीटर पोचतो. अलीकडे ध्वनिलहरींवर चालणारेही निघालेत, त्यांचा संदेश दहा मीटरपर्यंत जातो आणि इन्स्ट्रक्टरला विद्यार्थ्याचा दाब स्वतःच्या घड्याळावर दिसतो. सोय फार मोठी आहे, हे मी मनापासून सांगतो. श्वासाच्या वेगावरून अजून किती मिनिटांची हवा आहे तेही तो कॉम्प्युटर सांगतो, आणि नवख्या माणसाला ते आकड्यापेक्षा लवकर कळतं.

तर ती डायव्ह. पुण्याच्या एक ताई, पन्नाशीच्या, दीडशेहून जास्त डायव्ह झालेल्या, सोबत त्यांचे यजमान. स्वतःचं सगळं सामान घेऊन आल्या होत्या. सकाळी जेट्टीवर सामान तपासताना मी पाहिलं, काट्याचा गेज नव्हता. म्हणाल्या, "दादा, तो मी गेल्या वर्षीच काढून टाकला. उगाच नळी लोंबते, प्रवाळाला अडकते." पडद्यावर सेलचं चिन्ह भरलेलं होतं. मी बरं म्हटलं. तिथे मी चुकलो. माझ्या पेटीत जादा गेज होता आणि तो बसवायला पाच मिनिटंही लागली नसती.

जॉनीज गॉर्जला त्या दिवशी पाणी स्वच्छ होतं. स्नॅपरचा मोठा थवा खडकावर आणि खाली वाळूत एक व्हाइट टिप शार्क झोपलेला. आम्ही 26 मीटरवर होतो. बाराव्या मिनिटाला मी हवा विचारली, त्यांनी बोटांनी 130 दाखवली. सतराव्या मिनिटाला त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं. जिथे आकडा असायचा तिथे चार आडव्या रेघा होत्या. खोली दिसत होती, वेळ दिसत होती, दाब गायब. त्यांनी हात खांद्यावरून मागे नेऊन ट्रान्समिटरच्या अगदी जवळ धरला. रेघा तशाच.

अशा वेळी मनात काय चालतं ते सांगतो. सुरुवातीला 200 बार. बारा मिनिटांत सत्तर गेले, म्हणजे मिनिटाला सहाच्या आत. त्यानंतर पाच मिनिटं, म्हणजे आता शंभरच्या आसपास असायला हवेत. हे सगळं त्या आधीसारखाच श्वास घेत असतील तर. पण त्यांचे बुडबुडे दाट झाले होते, एकामागून एक सुटत होते. माहिती गेली की श्वास वाढतो, आणि श्वास वाढला की जुनी माहितीही निरुपयोगी होते. मी माझा जादा रेग्युलेटर त्यांच्या हातात दिला, यजमानांना खूण केली आणि तिघं वर निघालो. मिनिटाला नऊ मीटरच्या वेगाने, घाई न करता. पाच मीटरवर दोर धरून तीन मिनिटं थांबलो. त्या तीन मिनिटांत त्या त्यांच्याच हवेवर होत्या, पण माझा रेग्युलेटर त्यांनी मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

बोटीवर आल्यावर मी त्यांच्या सिलिंडरला माझा गेज लावला. 70 बार. भरपूर हवा होती.

"दादा, सेल तर सकाळी फुल्ल दाखवत होता," एवढंच त्या बोलल्या. दूरवरून, सुट्टी काढून, त्या जागेसाठी आलेल्या बाईंची ती डायव्ह सतरा मिनिटांत संपली होती.

संध्याकाळी मी तो सेल काढला. सीआर-2, तीन व्होल्टचा लिथियमचा, पूर्वी फिल्मच्या कॅमेऱ्यांत जायचा तोच. मल्टिमीटर लावला: 2.9 व्होल्ट. नवाकोरा सेल 3.2 दाखवतो, तेव्हा हा काही मेलेला वाटत नव्हता. मग मी त्याला एक छोटा बल्ब जोडला आणि मीटरकडे पाहत राहिलो. आकडा बघता बघता दोनच्या खाली गेला. बल्ब काढला, दोन मिनिटं थांबलो, आकडा पुन्हा वर चढू लागला.

लिथियमच्या सेलचा स्वभाव असाच आहे. साधा पेन्सिल सेल हळूहळू थकतो, टॉर्चचा उजेड पिवळा पडत जातो आणि आपल्याला कळतं. लिथियमचा सेल जवळजवळ शेवटपर्यंत तेच व्होल्टेज धरून ठेवतो आणि मग एकदम कोसळतो. शेवटच्या टप्प्यात त्याचा आतला रोध वाढतो, म्हणजे नुसता पडून असताना ठीक दिसतो, पण ट्रान्समिटरला संदेश फेकायला क्षणभर जोर लागला की मान टाकतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो. आमचं पाणी 28-29 अंशांचं, त्यामुळे इथे थंडीचा त्रास क्वचित. पण कॉम्प्युटरच्या आत जे नाण्यासारखे सेल असतात, त्यांना पडद्याचा दिवा किंवा भोंगा लागला की हीच ओढ बसते. रात्रीच्या डायव्हला, दिवा लावल्या क्षणी पडदा कोरा झालेला मी दोनदा पाहिला आहे. शिवाय ट्रान्समिटर स्वतःच्या सेलबद्दल मनगटाला कळवतो ते ठोकळमानाने: ठीक, कमी, संपत आला. त्या "ठीक"मध्ये दोनशे तासही बसतात आणि दोनही.

पण त्यांचा सेल इतक्या लवकर का संपला? त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोनच महिन्यांपूर्वी बदललेला होता. याचं उत्तर मला तिसऱ्या दिवशी मिळालं, आणि ते आमच्याच सेंटरमध्ये होतं.

पहाटेची बोट असली की आमची मुलं आदल्या संध्याकाळी सेट लावून ठेवतात. रेग्युलेटर सिलिंडरवर बसवायचा, व्हॉल्व्ह उघडून गळती बघायची, व्हॉल्व्ह बंद करायचा, झालं. बहुतेक ट्रान्समिटरला चालू-बंद करायचं बटण नसतं. आत दाब आला की तो जागा होतो, दाब गेला की काही मिनिटांनी झोपतो. व्हॉल्व्ह बंद केला तरी नळ्यांत कोंडलेली हवा तशीच राहते. रेग्युलेटरचं बटण दाबून ती सोडून दिल्याशिवाय ट्रान्समिटरच्या लेखी डायव्ह चालूच असते. काही जातीचे ट्रान्समिटर दाब बराच वेळ हलला नाही तर संदेश विरळ करतात. त्यांचा तसा नव्हता, आमच्याकडचे कोणतेही तसे नाहीत. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, बारा तास तो रॅकवर एकटा बोलत राहायचा, ऐकायला कोणी नसताना. दिवसाच्या दोन डायव्ह म्हणजे पाण्याखालचा दीड तास. एका रात्रीत आठ दिवसांचा सेल जळत होता. त्या डायव्हआधी ताई आमच्याकडे पाच रात्री होत्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या हॉटेलवर जाऊन मी हे सगळं त्यांना सांगितलं. नवा सेल बसवून दिला आणि गेजही.

त्याच आठवड्यात वही आली, आणि भिंतीवर हिंदीत एक ओळ: "वाल्व बंद करो, हवा छोड़ो." इथली बरीच मुलं बंगाली, काही रांचीकडची. सगळ्यांची बोली अंदमानची हिंदी. आणखी एक वाक्य मी दिवसातून दहा वेळा बोलतो, "भाई, ये हैंडल नहीं है." डोलणाऱ्या बोटीत सिलिंडर उचलताना हात आपसूक ट्रान्समिटरवर जातो, कारण तो नेमका मुठीत बसेल अशा जागी आडवा आलेला असतो. पंधरा-सोळा किलोचं ओझं त्याच्या बारीक आट्यांवर आलं की आतून चीर जाते. चीर लगेच दिसत नाही. ती पुढच्या पाण्यात दिसते. आता आम्ही ट्रान्समिटर थेट न बसवता हातभर नळीवर बसवतो, काही जण नाक मुरडतात, पण तेव्हापासून एकही तुटलेला नाही.

सेल कुठून आणायचे हा बेटावरचा वेगळा प्रश्न. सीआर-2 किंवा सीआर-123 इथे मिळत नाहीत, श्री विजयपुरमलाही (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) कधी मिळतात कधी नाही. मी मे महिन्यात घरी जाताना मुंबईत बोरा बाजारात उतरतो आणि कॅमेऱ्याच्या दुकानांतून वर्षाचा साठा घेतो. ओळखीच्याच दुकानातून. स्वस्तातले, चकचकीत वेष्टनातले सेल मी एकदा ऑनलाइन मागवले होते. बारापैकी पाच महिन्याभरात गेले. विमानात सुटे लिथियम सेल सामानाच्या बॅगेत टाकता येत नाहीत, हाताशी ठेवावे लागतात, प्रत्येकाचं टोक चिकटपट्टीने झाकून. हे ठाऊक नसलेल्या पाहुण्यांचे सेल विमानतळावर काढून घेतल्याचं मी ऐकलं आहे, आणि मग बेटावर ते पाहुणे माझ्याकडे येतात.

सेल बदलण्याचं काम मी वाटेल त्याला सोपवत नाही. दिसायला ते सोपं आहे. झाकण फिरवायचं, जुना काढायचा, नवा घालायचा. पण खोलीवर जे पाणी आत शिरतं ते ओ-रिंगवर बसलेल्या एका केसाच्या वाटेने, वाळूच्या एका कणाच्या वाटेने. कपड्याच्या सुताच्या धाग्यानेसुद्धा. मी पंखा बंद करतो, हात धुतो, भिंगातून खाच बघतो, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा जेमतेम चमक येईल इतका हात लावतो. ग्रीस जास्त झालं की तेच कचरा धरून ठेवतं. झाकण घट्ट आवळायची हौस वाईट, आटे झिजतात आणि रबर चेपतं. बदललेला ट्रान्समिटर लगेच माणसाच्या अंगावर जात नाही. आधी जाळीच्या पिशवीत घालून, दोरीला वजन लावून पंधरा मीटरवर अर्धा तास. कोरडा वर आला की वहीत सही.

कॉम्प्युटरचा सेल बदलताना आणखी एक गोष्ट. काही जुन्या यंत्रांत सेल काढला की शरीरात उरलेल्या नायट्रोजनचा हिशेबही पुसला जातो. ते यंत्र मग समजतं की तुम्ही आजच पहिल्यांदा पाण्यात उतरताय. म्हणून दोन डायव्हच्या मधे, बोटीवर, सेल बदलून पुन्हा उडी मारायची नाही. कॉम्प्युटर मधेच बंद पडला तर त्या दिवसाचं काम संपलं, चोवीस तास पाण्याबाहेर. पाहुणे रागावतात, पैसे भरलेले असतात. मी ऐकून घेतो आणि नाही म्हणतो.

आता नवीन बहुतेक यंत्रं चार्जिंगची. ती वाईट आहेत असं नाही. पण बेटावर वीज जाते, जनरेटर उशिरा सुरू होतो, आणि सकाळी सहाला जेट्टीवर उभ्या माणसाच्या मनगटावर पंधरा टक्के असतात. शिवाय आतला सेल तीन-चार वर्षांनी थकतोच, आणि तो घरी बदलता येत नाही. यंत्र सर्व्हिसला परदेशी पाठवायचं, कस्टम्समधून सोडवायचं, त्यात अर्धा हंगाम जातो. कोणी मला विचारलं तर मी साधा पेन्सिल सेल चालणारा कॉम्प्युटर घ्या म्हणतो. तो सेल इथल्या किराणा दुकानातही मिळतो. फक्त सेलची जात बदलली तर सेटिंगमध्येही बदला, कारण चार्जिंगचा 1.2 व्होल्टचा सेल आणि अल्कलाइन 1.5 व्होल्टचा सेल एकाच पट्टीने मोजले तर उरलेल्याचा अंदाज साफ चुकतो.

पावसाळ्यात मी मालवणला असतो. जूनमध्ये समुद्र बंद, घरभर ओल, पापडसुद्धा डब्यात नरमतात. त्या चार महिन्यांत यंत्रांची जेवढी हानी होते तेवढी आठ महिन्यांच्या हंगामात होत नाही. म्हणून बेट सोडण्याआधी शेवटचे दोन दिवस ह्याच कामाचे. प्रत्येक ट्रान्समिटर गोड्या पाण्यात रात्रभर भिजवायचा, सुकवायचा, सेल काढून ठेवायचा, टोकं पुसायची, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. चार्जिंगची यंत्रं अर्ध्यावर चार्ज करून ठेवायची आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा बघायची. पूर्ण उतरलेलं यंत्र तसंच ठेवलं तर ऑक्टोबरात ते उठत नाही.

वडिलांना मी हे सगळं एकदा पडवीत बसून दाखवलं होतं, मल्टिमीटर, बल्ब, तो जुना सेल. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांच्या होडीवर जीपीएस आहे, फिशफाइंडर आहे, आणि तरी ते किल्ल्याचा बुरूज आणि माडांची एक रांग जुळवून जाळ्याची जागा धरतात. म्हणाले, "आणि ह्या बंद पडला तर काय बघतंस?" मी गेज त्यांच्या हातात दिला. त्यांनी काच पुसली, काट्याकडे पाहिलं आणि परत दिला.

काटाही चुकतो, हे मला मान्य आहे. मिठाने अडकलेला, सिलिंडर रिकामा असूनही वीसवर थबकलेला काटा मी पाहिला आहे. नळीच्या सांध्यातून बारीक बुडबुडे सुटतात. पण त्याचं बिघडणं डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं. आणि एक काम असं आहे जे ट्रान्समिटर नीट करत नाही. उडी मारायच्या आधी गेजकडे बघत चार श्वास घ्या. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला असेल तर प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकतो आणि परत येतो. पाच-पाच सेकंदांनी येणाऱ्या आकड्यात तो झोका बहुतेक वेळा निसटून जातो.

त्या पुण्याच्या ताई पुढच्या वर्षी परत आल्या. जॉनीज गॉर्जला अठ्ठेचाळीस मिनिटं होतो, शेवटची बरीचशी वरच्या खडकावर. ट्रान्समिटर तोच होता. डाव्या खांद्याखाली, आखूड नळीवर, नवा गेज होता, जॅकेटला क्लिपने अडकवलेला, कुठेही लोंबत नव्हता.

तुम्ही अंदमानात, नेत्राणीला, गोव्यात किंवा आमच्या मालवणात पाण्याखाली जाणार असाल, तर सकाळी बोटीवर चढण्याआधी तुमच्या इन्स्ट्रक्टरला दोन प्रश्न विचारा. ह्या ट्रान्समिटरचा सेल कधी बदलला, आणि काट्याचा गेज कुठे आहे. त्याने तारीख सांगितली आणि गेज हातात दिला तर खुशाल उतरा. नाहीतर गेज लागेपर्यंत जेट्टीवर थांबा. बोट तुमच्यासाठी पाच मिनिटं थांबते.